शोक कोणाचा? : ओवी, नाट्यपद व आत्मकथन यांतील व्यथेच्या अभिव्यक्तीचा विचार

प्रास्ताविक

मराठीच्या अध्यापनात आणि समीक्षेत 'अनुभवाची सच्चाई' हा निकष गेली कित्येक दशके प्रमाण मानला जात आहे. एखादी कविता आर्त का वाटते, असा प्रश्न विचारला की कवीच्या आयुष्यात तसे दुःख होते म्हणून, असे उत्तर मिळते आणि चर्चा तेथेच थांबते. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही अध्यापकास हे उत्तर परिचित असेल. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांतील कविपरिचय त्यांना हेच शिकवतात. आधी आयुष्यातील आघात, नंतर काव्य आणि मध्ये 'म्हणूनच' हे अव्यय. हे 'म्हणूनच' कितपत टिकते, ते तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

त्यासाठी तीन ठिकाणे निवडली आहेत: नाट्यपद, जात्यावरची ओवी आणि आत्मकथन. यांपैकी पहिल्यात गाणाऱ्याचे दुःख आणि गाण्यातले दुःख यांचा संबंध तुटलेला दिसतो, दुसऱ्यात तो श्रमाच्या आधाराने जुळतो आणि तिसऱ्यात लिहिणाऱ्याने स्वतःच तो दूर सारून पुन्हा जवळ आणलेला असतो. व्यथा तीव्र आहे म्हणून ती दुसऱ्यापर्यंत पोचते असे नव्हे. व्यथा भोगणारा आणि ती सांगणारा यांच्यात काही अंतर पडावे लागते, व ते अंतर कोण निर्माण करतो यावर अभिव्यक्तीचे स्वरूप ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

क्रौंचवधाचा प्रसंग आणि अभिनवगुप्ताची हरकत

या मताला जुना आधार आहे. क्रौंच पक्ष्याच्या जोडीतील एकाचा वध झालेला पाहून वाल्मीकीच्या शोकाचा श्लोक झाला, ही कथा आपण काव्याच्या उगमाची कथा म्हणून सांगतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त तिचा उपयोग केला. त्यावरील 'लोचन' या टीकेत अभिनवगुप्ताने मात्र एक महत्त्वाची हरकत नोंदवली आहे. हा शोक मुनीचा स्वतःचा समजू नये, असे तो बजावतो. मुनी स्वतःच शोकाकुल झाला असता तर त्या दुःखातून रसाची निष्पत्ती झालीच नसती, असा त्याचा युक्तिवाद आहे. शोक हा स्थायीभाव आणि करुण हा रस या दोहोंमधील सीमारेषा येथे स्पष्ट होते. शोक भोगायचा असतो, करुणाचा आस्वाद घ्यायचा असतो.

आपल्याकडे रसचर्चा परीक्षेपुरती पाठ केली जाते व आधुनिक साहित्याकडे वळताच कपाटात ठेवली जाते. वास्तविक रोमँटिक काव्यकल्पनेने रूढ केलेल्या 'कवीचे दुःख म्हणजेच काव्य' या समीकरणाला इतके थेट उत्तर अन्यत्र क्वचितच सापडेल. अर्थात हे उत्तर सर्वत्र पुरेसे नाही, हे पुढे दिसेल.

१२ मार्च १९११

या दिवशी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने कृ. प्र. खाडिलकरांचे 'मानापमान' प्रथम रंगभूमीवर आणले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. भामिनीची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची तान्ही मुलगी त्याच दिवशी वारली, तरीही प्रयोग रद्द न करता ते उभे राहिले. हा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे व मराठी रसिकांच्या तो तोंडी आहे. तो बहुधा कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितला जातो. येथे त्याकडे निराळ्या दृष्टीने पाहावयाचे आहे.

'मानापमान' हे करुण नाटक नव्हे. श्रीमंत घरची भामिनी गरीब सैनिक धैर्यधराला नाकारते, पुढे वनमालेच्या वेषात त्याच्या सहवासात येते आणि त्याच्या प्रेमात पडते. नाटकाचा सारा रंग शृंगाराचा व विनोदाचा. म्हणजे त्या रात्री गाणाऱ्याच्या अंतःकरणात शोक होता आणि गळ्यातून शृंगार उमटत होता. प्रेक्षकांना जे ऐकू आले ते भामिनीचे लाडिक गाणे होते, आणि त्यातूनच मराठी संगीत रंगभूमीचे एक युग सुरू झाले. 'अनुभवाची सच्चाई' हा निकष काटेकोरपणे लावला तर ते गाणे खोटे ठरवावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही व म्हणूही नये. पण मग निकषाचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

आता याची दुसरी बाजू पाहावी. बालगंधर्वांची जी भूमिका करुणरसाचा परमोत्कर्ष म्हणून सांगितली जाते ती 'एकच प्याला'तील सिंधूची. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि नाटक त्यानंतर फेब्रुवारीत बडोद्यास रंगभूमीवर आले. त्यातील पदे गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जर यांनी रचली. चाली नाट्यपदांच्या तत्कालीन प्रथेप्रमाणे बव्हंशी आधी प्रचारात असलेल्या गाण्यांवर बेतलेल्या. व्यसनी नवऱ्याच्या संसारात झिजणारी सिंधू ही स्त्री, तिच्या तोंडची वाक्ये एका दिवंगत नाटककाराची, पदे दुसऱ्याची, सूर तिसऱ्याच कोणाचे आणि गळा एका पुरुषाचा. तरीही नाट्यगृहात बसलेल्या स्त्रियांचे पदर डोळ्यांना लागत असत. त्या पदांतील शोक नेमका कोणाचा? 'यांपैकी कोणाचाच नाही, म्हणून तो सर्वांचा होऊ शकला' हे अभिनवगुप्ताच्या वाटेने जाणारे उत्तर येथे चपखल बसते.

संगीताच्या बाजूने यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. भरताने करुणासाठी गांधार व निषाद हे स्वर सांगितले आहेत. परंतु अशा स्वरनियोजनाने फार तर वातावरण सिद्ध होते. भैरवीत विरहाची ठुमरी गायली जाते, भजन गायले जाते आणि मैफलीची सांगताही तिनेच होते. ऐकणाऱ्याला कासावीस करते ती स्वरांच्या आत चाललेली हालचाल. बालगंधर्वांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिका ऐकल्या तर शोकाचा आवाज, म्हणजे हुंदका, कंप, तुटलेला श्वास, त्यांत जवळजवळ नाही. आहे ती लय. शब्द लयीशी अत्यंत निकट ठेवून, तीच ओळ वेगवेगळ्या वळणांनी पुनःपुन्हा आळवून, प्रत्येक वेळी समेवर अचूक येणे. पुढील काळात अहमदजान थिरकवाँचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी त्यांच्या साथीला होती, ही गोष्ट नुसती वैभवाची नाही. मनुष्य शोकात बेताल होतो, येथे मात्र शोक तालात बसवलेला असतो. ऐकणाऱ्याला व्यथा जाणवते ती या दोहोंतील ताणामुळे. आजकाल भावगीताच्या कार्यक्रमांत गायक मध्येच आवाज कापरा करून 'भाव' दाखवतात, तेव्हा हा ताणच नाहीसा होतो, आणि श्रोत्याला करण्यासारखे काही उरत नाही.

जात्यापाशी

सिंधू रंगभूमीवर पोटासाठी लोकांचे दळण दळते. रंगमंचावरील ते जाते प्रेक्षकांसाठी मांडलेले असते. खऱ्या जात्यापाशी गाणाऱ्या स्त्रीला प्रेक्षक नव्हता. अंतर निर्माण करणारी लेखक, पदकार, नट अशी साखळीही तिच्यापाशी नव्हती. दुःख तिचे, शब्द बव्हंशी परंपरेचे, गळा तिचाच. मग तिच्या बाबतीत व्यथा आणि गाणे यांत अंतर कशाने पडले?

ते जात्याने पाडले, असे उत्तर द्यावे लागते. पहाटेच्या अंधारात घर झोपलेले असताना खुंटा हाती धरून बसलेल्या स्त्रीला एका हाताने वैरण घालायची असते, दुसऱ्याने पाळू फिरवायची असते. समोर जाऊ किंवा नणंद बसली तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर. पाळूच्या फेऱ्याला स्वतःचा वेग असतो. तो फार मंदावला तर जाते जड होते, फार वाढला तर पीठ जाडेभरडे पडते. ओवीचा चरण या फेऱ्याशी बांधलेला आहे. ग्रंथातील ओवीच्या साडेतीन चरणांचा हिशेब येथे फारसा उपयोगी पडत नाही. पुष्कळशा ओव्या दोन ओळींच्या असतात, आणि मध्ये येणारे 'बाई', 'सये', 'माझ्या' हे शब्द फेरा पुरा करण्यासाठी असतात. म्हणजे हृदयातला कढ कितीही मोठा असला तरी तो एका वेळी एका फेऱ्याएवढाच बाहेर येऊ शकतो. येथे शोकाला माप लावणारा ताल तबलजीच्या हातात नसून गाणारीच्या दंडात आहे.

दुसरी गोष्ट रचनेची. ओवीचा पहिला चरण पुष्कळदा बाहेरच्या वस्तूपाशी थांबतो: वाट, बाभळ, नदीचा घाट, शेजारणीचे दार. व्यथा दुसऱ्या चरणात येते, आणि तीही 'मी दुःखी आहे' अशा विधानाच्या रूपात क्वचितच. या आडवळणाला काही अभ्यासक लोककवितेचा साचेबंदपणा म्हणतात. मला ते पटत नाही. सासुरवाशिणीला घरात तोंड उघडून तक्रार करण्याची मुभा नव्हती. ओवीत ती तीच तक्रार करते, आत झोपलेली सासूही ऐकते, परंतु ओवी सर्वांचीच असल्याने ती हिचीच आहे असे कोणाला म्हणता येत नाही. साचा येथे ओट्याआडच्या कोपऱ्याचे काम करतो. नाट्यगृहात शोक 'कोणाचाच नसणे' ही रसास्वादाची अट होती, तर जात्यापाशी तेच सुरक्षिततेचे साधन झाले आहे. दोहोंना एकच 'साधारणीकरण' हे नाव देऊन मोकळे होणे म्हणजे एका सुनेवर अन्याय करणे होय.

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्या गाण्यांत या परंपरेतून एक स्वतंत्र व्यक्ती बाहेर येताना दिसते. त्यांना लिहिता येत नव्हते. पुत्र सोपानदेव आदींनी टिपून ठेवलेली गाणी आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आली. ऐन तारुण्यात आलेल्या वैधव्यावरील त्यांच्या गाण्यात पुसलेले कुंकू, फुटलेल्या बांगड्या अशा डोळ्यांना दिसणाऱ्या, हाताला लागणाऱ्या वस्तूंच्या आधारे सारे सांगितले आहे. बाहेरच्या वस्तूपाशी आधी थांबण्याची ही रीत ओवीची आहे. वस्तू निवडणारी नजर मात्र एकाच बाईची आहे.

'स्मृतिचित्रे' : शोकाला नाव नसते तेव्हा

आत्मकथनात ना पाळू, ना सम. लिहिणाऱ्याने स्वतःचे दुःख स्वतःच्या नावाने, गद्यात सांगायचे असते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. त्यांतील सर्वांत दारुण प्रसंग १८९५ चा आहे. त्या वर्षी नारायण वामन टिळकांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली व लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूसह माहेरच्या माणसांत राहिल्या. हा वियोग काही वर्षे टिकला. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० मध्ये त्यांनीही दीक्षा घेतली.

या दुःखाला रसशास्त्रात कोणते नाव द्यावे? भरताने विप्रलंभ शृंगार व करुण यांतील भेद आशेवर ठेवला आहे. पुनर्भेटीची अपेक्षा असेल तेथे विप्रलंभ, ती संपली तेथे करुण. लक्ष्मीबाईंची स्थिती दोहोंत बसत नाही. नवरा जिवंत, कपाळी कुंकू, परंतु भोवतालच्या समाजाच्या दृष्टीने तो मेल्यातच जमा. त्याची आशा धरावी तर जात सोडावी लागते, सोडावी तर हयात नवऱ्यासाठी शोक करावा लागतो. अशा शोकाला विधी नाही, सुतक नाही, सांत्वनाची ठरलेली वाक्ये नाहीत. मीठ आणि साखरही धुऊन घेण्याइतके सोवळे पाळणाऱ्या पित्याच्या घरात वाढलेल्या मुलीच्या वाट्याला हे यावे, यातील उपरोध त्यांना पुरेपूर कळला होता. तो त्यांनी कोठेही बोलून दाखवलेला नाही. आरंभीच ते सोवळे हसत हसत रंगवून ठेवले आहे, आणि वाचक पुढे त्या पानांकडे मनाने परत जातो.

नाव नसलेल्या या दुःखाला लक्ष्मीबाईंनी विशेषणे लावली नाहीत. कोण काय म्हणाले, कोण आले, कोणी काय करायला लावले, एवढेच त्या सांगतात. वाक्ये आखूड, संवाद भरपूर, आणि शोकाच्या प्रसंगीही माणसांच्या विक्षिप्तपणाकडे लक्ष. या विनोदामुळे पुस्तक 'खेळकर' ठरवले गेले, व शालेय पाठ्यपुस्तकांनी नेमके तेवढेच उतारे उचलले. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे विनोद हा शोकावरचा उतारा नाही. घडल्या काळाला जवळजवळ चार दशके लोटल्यावर लिहिणारी वृद्धा त्या काळातील भांबावलेल्या तरुणीकडे पाहते आहे, आणि त्या दोघींमधले अंतर हास्याने मोजले जात आहे. बालगंधर्वांच्या गाण्यात जे काम लयीने केले, ओवीत पाळूने, ते येथे वयाने केले आहे.

येथे वर्गातील एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. विद्यार्थ्यांना स्वतःच्या दुःखाविषयी लिहावयास सांगितले की बहुतेक जण 'काळजाचे तुकडे', 'अश्रूंचा महापूर' अशा उसन्या अलंकारांकडे वळतात. त्याच विद्यार्थ्यांना त्या दिवशी घरात स्वयंपाक कोणी केला, असे विचारले की लेखन बदलते. एका विद्यार्थिनीने आजीच्या मृत्यूनंतर तिच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती एवढेच लिहिले होते. त्यात खरेपणा अधिक होता असे मी म्हणणार नाही. अलंकारिक लिहिणारी मुलेही तितकीच खरी दुःखी होती.

'बलुतं' आणि रसविचाराची मर्यादा

येथपर्यंतचे विवेचन 'शोक भोगणाऱ्याचा नसतो' या मताकडे झुकलेले दिसेल. दलित आत्मकथनांपाशी येताच ते अडते, आणि अडावे हेच योग्य. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील अपमान, उपासमार आणि गावकुसाबाहेरचे जिणे 'कोणाचेच नाही म्हणून सर्वांचे' असे म्हणून त्यांचा आस्वाद घेणे हे केवळ अरसिकपणाचे नव्हे, तर अनैतिक ठरेल. कारण त्या दुःखाला कर्ता आहे, आणि वाचणाऱ्यांपैकी काही जण त्या कर्त्याचे वारस आहेत. शरणकुमार लिंबाळे यांनी 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) या ग्रंथात आनंदाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या पारंपरिक साहित्यविचारावर घेतलेला आक्षेप या दृष्टीने महत्त्वाचा आहे. दलित साहित्य वाचून वाचक अस्वस्थ व्हावयास हवा. 'करुण रसाने तृप्त झालो' असे म्हणणाऱ्या वाचकाने ते वाचलेच नाही, असे समजावे. साधारणीकरणाच्या प्रक्रियेत दुःखाबरोबर जबाबदारीचेही साधारणीकरण होते, ही रसविचाराची दुखरी बाजू आहे.

परंतु यावरून 'अनुभवाची सच्चाई' हाच निकष पुन्हा सिंहासनावर बसवावा, असे होत नाही. 'बलुतं'ची रचनाच पाहावी. दया पवारांनी थेट 'मी' म्हणून आरंभ केलेला नाही. दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवारांना ऐकवतो, अशी योजना आहे. कागदोपत्री दोघे एकच. परंतु दगडू हे नाव वस्तीने हाक मारलेले, आणि दया पवार हे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, कविता लिहिणाऱ्या माणसाचे. दुःख दगडूचे आहे, लेखणी दया पवारांच्या हाती आहे, आणि दोघांना एकमेकांची थोडी लाजही वाटते. अभिनवगुप्ताने मुनी व शोक यांच्यात जी रेघ ओढली होती ती पवारांनी स्वतःच्या नावाच्या मधून ओढली आहे. फरक असा की अभिनवगुप्ताच्या रेघेपलीकडे शोक निर्वैयक्तिक होतो, पवारांच्या रेघेपलीकडे तो नावानिशी उभा असतो. साक्ष देणाऱ्यालाही सांगण्यासाठी अंतर लागते, मात्र ते अंतर ऐकणाऱ्याच्या सोयीसाठी नसते. या आत्मकथनावर प्रकाशनकाळी समाजातूनच टीका झाली ती 'घरातले बाहेर सांगितले' म्हणून. ओवी गाणाऱ्या सुनेला साच्याचा जो आडोसा होता, तो दगडूने आपखुशीने सोडला होता.

या प्रकाशात ओव्यांच्या संग्रहांकडे पुन्हा पाहावे लागते. साने गुरुजींच्या 'स्त्रीजीवन'सारख्या जुन्या संग्रहांनी ओवीचे मोल मराठी वाचकांना पटवून दिले हे निःसंशय. परंतु तेथे ओव्या विषयवार लावलेल्या असतात: माहेर, भाऊ, सासुरवास. गाणाऱ्या स्त्रिया बहुधा दिसत नाहीत. जो साचा त्यांना घरात आडोसा देत होता, तोच ग्रंथात त्यांचे नाव गिळून बसला. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्यातून केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या, व 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया'ने २०१७ पासून त्या ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध करावयास घेतल्या. तेथे ओवीखाली गाणारीचे नाव, गाव, तालुका, जात, मुले, व्यवसाय अशा नोंदी असतात. गिरणी आल्यावर पुष्कळ घरांतील जाती केव्हाच बंद पडली होती. त्यामुळे काही स्त्रियांनी केवळ ध्वनिमुद्रणासाठी खुंट्याला पुन्हा हात लावला. शेजारी माईक, समोर अनोळखी माणसे, आणि सासू आता हयात नाही. पूर्वी जे नाव लपवूनच गाता येत होते, ते आता विचारल्यावर त्या मोठ्याने सांगतात, गावाच्या नावासकट, आणि मग पहिला चरण उचलतात.